उंची वाढवणारा डबा आणि आईचा जीव

वाचकाचं पत्र:

"ताई, मी इचलकरंजीची. माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तो पहिला नाहीतर दुसरा असतो, म्हणजे उंचीने जरा लहानच. दोन महिने झाले टीव्हीवरच्या उंची वाढवणाऱ्या पावडरचा हट्ट धरलाय, मॅच लागली की ओव्हर संपली रे संपली तीच जाहिरात. परवा मला म्हणाला, 'त्या मुलाच्या आईला त्याची काळजी आहे, तुला नाहीये.' रात्रभर झोप नाही लागली मला. डॉक्टरांनी उंची-वजन मोजून वाढ व्यवस्थित चाललीय असं सांगितलंय. तरी सासूबाई म्हणतात दे की आणून, चार-पाचशे रुपयांसाठी पोराला कशाला रडवतीस. मिस्टर म्हणतात जाहिराती म्हणजे नुसती करमणूक, आपल्यावर काही परिणाम होत नाही, बायका आणि पोरंच भुलतात. (हेच मिस्टर ती पैसे लावून क्रिकेटची टीम लावायची ॲप्स बंद व्हायच्या आधी त्यात नऊ हजार घालवून बसलेत.) मी टीव्ही बंद करू का? डबा आणू का? की माझंच काहीतरी चुकतंय?" – एक आई

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं काहीही चुकत नाहीये. तुम्ही मुलाला डॉक्टरांकडे नेलंत, त्यांनी मोजमाप घेतलं, वाढ व्यवस्थित आहे म्हणाले, उंचीचा विषय खरं तर तिथेच संपला. डबा आणायची गरज नाही आणि टीव्ही बंद करायचीही नाही. पण तुमच्या लेकाचं ते वाक्य आहे ना, 'त्या मुलाच्या आईला काळजी आहे', ते पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण ते त्याचं वाक्य नाहीच आहे हो. आठ वर्षांचं पोर आपणहून असं बोलत नाही. ते कोणीतरी टेबलावर बसून विचार करून रचलेलं आहे, त्याच्या तोंडून तुमच्यापर्यंत पोचावं म्हणूनच.

हे मी अंदाजाने बोलत नाहीये. मी बरीच वर्षं मुंबईत एका जाहिरात एजन्सीत मराठी कॉपी, म्हणजे जाहिरातीतला मजकूर, लिहायचं काम केलंय. जाहिरात बनायच्या आधी एक ब्रीफ येतो, दीड-दोन पानांचा कागद, त्यात 'टार्गेट ऑडियन्स' म्हणून एक रकाना असतो. मुलांच्या खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या ब्रीफमधे त्या रकान्यात बहुतेक वेळा मुलगा नसतोच, आई असते. आणि त्याच्या खाली 'इनसाइट' म्हणून लिहिलेलं असतं की या आईला मनातून काय खुपतंय. आणि आईला काय खुपतं हे काय लपून आहे का? आपण पोराला कमी पडतोय की काय. नोकरी करणारीला वाटतं आपण वेळ देत नाही, घरी असणारीला वाटतं आपल्याला शिक्षण कमी म्हणून कळत नाही, जिचं पोर बारीक तिला वाटतं आपलं दूध कमी पडलं होतं. ही टोचणी आधीच असते, जाहिरात ती नव्याने तयार करत नाही, फक्त शोधून काढते आणि नेमकं तिथेच बोट ठेवते. मग पोराचं काम काय? पोर निरोप घेऊन येतं. मार्केटिंगवाल्यांनी त्याला 'पेस्टर पॉवर' असं नाव दिलंय, म्हणजे भुणभुण करून आईबापाचा नकार मोडून काढायची पोराची ताकद. तर ही जाहिरात तुमच्यासाठीच बनवलेली आहे, लेकासाठी नाही, आणि ती तुमच्यावर चाललीय कारण तुम्ही जीव लावणारी आई आहात. ज्या बाईला काहीच पडलेलं नाही तिच्यावर ती चालणारच नाही.

आता पुढच्या मॅचला ही जाहिरात लागली की मोबाइल बाजूला ठेवून नीट बघा, तीस सेकंदच असतात. या जाहिराती बहुतेक सगळ्या एकाच साच्यातल्या असतात त्यामुळे कुठल्या कंपनीची हे महत्त्वाचं नाही. सुरुवातीला शाळेचं मैदान, आपला हिरो उडी मारतोय पण बास्केटपर्यंत हात पोचत नाही, मागून दोन पोरं हसतात. लगेच कट करून कोणाचा चेहरा येतो? आईचा. गेटपाशी उभी आहे, तिने हे पाहिलंय. त्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो ते बघा, आणि त्याच वेळी पार्श्वसंगीत खाली येतं, कधीकधी तर एकच पियानोचा सूर राहतो. मग दुसरी आई येते, जिचं पोर उंच आहे, ती डब्याचं नाव घेते. मग पांढरा कोट घातलेला माणूस. मग ते ॲनिमेशन, सोनेरी दाणे हाडात शिरतायत. मग भिंतीवर पेन्सिलने केलेल्या खुणा, खालची जुनी आणि वरची नवी, आणि आता आई हसतेय. शेवटी डबा आणि जिंगल. या सगळ्यात पावडरमधे काय आहे हे सांगायला किती सेकंद मिळाले ते मोजा, उरलेला सगळा वेळ आईला आधी घाबरवण्यात आणि मग सोडवण्यात गेलेला असतो. आणि शेवटच्या सीनमधे हिरो उंच दिसतो कारण कॅमेरा जमिनीच्या जवळून वर बघत लावलेला असतो. साधी गोष्ट आहे, पण हॉलमधे बसून बघताना लक्षात येत नाही.

त्या पेन्सिलच्या खुणांबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण खरी गोम तिथे आहे. पाच वर्षांपासून ते वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतंच वाढतं. म्हणजे सहा महिन्यांत अडीच-तीन सेंटिमीटर. भाकरी खाऊन पण वाढतं, वरणभात खाऊन पण वाढतं. तुम्ही आज डबा सुरू केलात आणि सहा महिन्यांनी मोजलंत तर खूण वर गेलेली दिसणारच आणि श्रेय कोणाला जाणार, डब्याला. आणि पुढे ती उंची किती होणार हे सगळ्यात जास्त ठरतं आईबापाच्या उंचीवरून, मग पोटभर चौरस आहार, झोप, खेळ, आजारपण यावरून. तुम्ही आणि मिस्टर दोघं मध्यम उंचीचे असाल तर लेकाने बास्केटबॉल प्लेयर व्हावं अशी अपेक्षा कुठल्याच पावडरकडून करता येणार नाही. डॉक्टर ग्रोथ चार्टवर ठिपका देतात तो यासाठीच, मूल वर्गातल्या इतरांपेक्षा उंच आहे की बुटकं यापेक्षा ते स्वतःच्या रेषेवरून सरळ चाललंय ना हे बघायचं असतं. तुमचं पोर चाललंय.

स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ येते, आम्ही त्याला सुपर म्हणायचो. ती ओळ कायद्याच्या भीतीने टाकलेली असते, आणि वाचायला जमू नये इतकी बारीक आणि इतकाच वेळ ठेवलेली असते. यूट्यूबवर तीच जाहिरात शोधा, थांबवा आणि वाचा. अभ्यासाचा उल्लेख असेल तर तुलना कोणाशी केलीय ते बघा, आणि 'संतुलित आहाराचा भाग म्हणून', 'दुधासोबत' असले शब्द शोधा. दुधासोबत! एक कप दुधातच सहा-साडेसहा ग्रॅम प्रोटीन असतं ताई, ते डब्याने दिलेलं नाही, तुमच्या गवळ्याने दिलंय.

डब्याच्या मागचा भाग तर आवर्जून वाचा, घ्यायचा नसला तरी दुकानात उभं राहून वाचा. आपल्याकडे नियम आहे की घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. साखर कितव्या नंबरवर आहे, आणि माल्ट, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन अशी साखरेच्याच भावकीतली नावं पुढेमागे आहेत का, एवढं बघितलंत तरी पुरे. आणि आकडा 'प्रति १०० ग्रॅम' वाला बघा. तुम्हाला कदाचित आठवत असेल, २०२३ च्या एप्रिलमधे एका तरुणाने बोर्नव्हिटामधल्या साखरेवर व्हिडिओ टाकला, कंपनीने त्याला कायदेशीर नोटीस धाडली, त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण तोपर्यंत तो देशभर फिरला होता. मग बालहक्क आयोगाने कंपनीला विचारणा केली आणि त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने शंभर ग्रॅममागे वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आणली. कमी केल्यावर ३२, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश डबा. पुढे एप्रिल २०२४ मधे केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या साइट्सना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण आपल्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाहीये. इतकी वर्षं आपण ज्या नावाने ते मागत होतो त्या नावाला कायद्यात जागाच नव्हती, विचार करा.

अजून एक सांगते, यावर माझा राग फार जुना आहे. १९५४ चा एक कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा. त्याच्या यादीत जे आजार आणि त्रास दिलेत त्यावर औषध असल्याची जाहिरात करायलाच बंदी आहे, आणि त्या यादीत माणसाची उंची आहे. म्हणजे कितीतरी वर्षांपूर्वी आपल्या लोकांना कळलं होतं की उंचीच्या नावाखाली लोकांना सहज लुटता येतं. पण तो कायदा औषधाला लागतो आणि हा डबा 'अन्न' म्हणून विकला जातो, त्यामुळे त्याला नियम वेगळे. ब्रिटनमधे २००८ साली हॉर्लिक्सची 'मुलं उंच, ताकदवान, हुशार होतात' छापाची जाहिरात दक्षिण आशियाई प्रेक्षकांसाठीच्या चॅनलवर चुकून लागली, तर तिथल्या जाहिरात नियामकाने पुरावा पुरेसा नाही म्हणून ती परत दाखवायची नाही असं सांगितलं. ती बनवलेली होती आपल्या भागातल्या आयांसाठी. तिथल्या मुलांची हाडं आणि आपल्या मुलांची हाडं वेगळी असतात का?

आता मिस्टरांकडे येऊ. त्यांना हे वाचायला द्या, टोमणा म्हणून नका देऊ, कारण ते म्हणतात तसं जगातल्या जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मधे हे मांडलं की माणसाला वाटतं प्रसारमाध्यमांचा परिणाम इतरांवर होतो, माझ्यावर कमीच. त्यानंतर कितीतरी अभ्यासांत हेच दिसलं. आणि ज्याला असं वाटतं तो सावध राहत नाही, कशाला राहील? त्यात जाहिरात काही तुमच्याशी वाद घालायला येत नाही की तुम्ही तो जिंकून मोकळे व्हाल. ती फक्त ओळख वाढवते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मधे दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर आली, तिचा अर्थ कळत नसला तरी, ती आवडायला लागते. नंतर १९७७ मधे दुसऱ्या काही संशोधकांनी हेही दाखवलं की तेच विधान परत परत ऐकलं की ते जास्त खरं वाटायला लागतं. एका मॅचमधे तीच जाहिरात दहादा का लावतात याचं उत्तर हे आहे. मिस्टरांनी ते ॲप डाउनलोड केलं तेव्हा ते जाहिरातीने भुलले असं त्यांना वाटलंच नसणार, त्यांना वाटलं असणार आपल्याला क्रिकेट कळतं. बरोबर ना? आणि त्या जाहिरातींनी पण नेमकं हेच सांगितलं होतं, तुम्हाला क्रिकेट कळतं, तुमचे आवडते खेळाडू पण हेच खेळतात, आणि शेवटी तोंडातल्या तोंडात ती सूचना, यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते. लेकाच्या जाहिरातीत आईची टोचणी वापरली, मिस्टरांच्या जाहिरातीत बाप्या माणसाचा अभिमान. २०२५ च्या ऑगस्टमधे केंद्राने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले म्हणून ते थांबलं, नाहीतर नऊ हजारांवर थांबलं असतं असं मला नाही वाटत. हे त्यांना प्रेमाने सांगा, आणि घरात बाकी कोणी त्या पैशावरून त्यांना बोलत असेल तर ते बंद करा, कारण लाज वाटलेला माणूस मान्य करत नाही आणि मान्य न करणारा परत तिथेच जातो.

'नुसती करमणूक' या शब्दावर मात्र मी थोडी अडते. करमणूक वाईट नाही, मला स्वतःला चांगली जाहिरात बघायला अजूनही मनापासून आवडते, तीस सेकंदात गोष्ट सांगायला केवढी कला लागते. पण करमणुकीच्या वेळी आपण सैल बसलेलो असतो आणि सैल बसलेल्या माणसाच्या गळी काहीही चटकन उतरतं, हे आपल्या देशातल्या टीव्हीच्या पहिल्या मोठ्या मालिकेपासून सगळ्यांना माहितीय. सासूबाईंना विचारा, त्यांना 'हम लोग' आठवत असेल. जुलै १९८४ मधे दूरदर्शनवर सुरू झाली, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे. ती नुसती करमणूक नव्हतीच, मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंब नियोजन आणि साक्षरतेचा प्रचार केला होता ते बघून आपल्याकडे मुद्दाम आणलेली होती, लहान कुटुंब, बायकांचं स्थान असे विषय गोष्टीतून लोकांपर्यंत जावेत म्हणून. आणि तिची प्रायोजक कोण होती माहितीय? आपल्याकडे तेव्हा नुकतीच आलेली मॅगी. एका बाजूने सरकार गोष्टीतून सांगतंय मुलं कमी होऊ द्या, दुसऱ्या बाजूने कंपनी सांगतेय दोन मिनिटांत मुलांचं खाणं तयार, आणि मधे आपली आई-आजी बसलीय जिला वाटतंय मी मालिका बघतेय. सरकारचं म्हणणं किती पोचलं ते सोडा, पण शाळेतून आल्यावर पोराला पोहे-उपमा द्यायचा की नूडल्स हा प्रश्न आपल्याकडे कधीच नव्हता, तो त्या काळात घराघरात आला.

म्हणून मी म्हणते की जाहिरात फक्त वस्तू विकते असं समजू नका, रीत बदलते. २००३ च्या दिवाळीच्या तोंडावर आपल्या महाराष्ट्राच्या एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्या होत्या, केवढा गहजब झाला होता. कंपनीने वेष्टण बदललं, अमिताभ बच्चनना आणलं, आणि नंतरच्या काही वर्षांत 'कुछ मीठा हो जाए' करत करत गोड म्हणजे चॉकलेट हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसवलं की आज राखीला, भाऊबीजेला, पगाराच्या दिवशी पेढ्याच्या पुड्याऐवजी चॉकलेटचा बॉक्स देतो आणि कोणालाच त्यात काही वेगळं वाटत नाही. यात फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. पण हे आपण ठरवलं नव्हतं, आपल्याकडून ठरवून घेतलं गेलं, एवढं तरी लक्षात असावं.

लेकाचं काय करायचं? तो आठ वर्षांचा आहे ही चांगली गोष्ट आहे. साधारण सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांना जाहिरात आपल्याला काहीतरी विकायलाच केलेली आहे हेच कळत नाही, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००४ मधे यावर अहवाल दिला होता. स्वीडनमधे बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करता येत नाही, कॅनडाच्या क्युबेकमधे १९८० पासून तेरा वर्षांखालच्यांसाठी बंदी आहे, ते याच कारणाने. तुमचा लेक आता कळायच्या उंबरठ्यावर आहे, पण नुसतं 'ते खोटं असतं रे' म्हणून त्याला पटणार नाही, तुम्ही नाही म्हणालात की तुम्ही कंजूष आणि टीव्हीतली आई प्रेमळ. त्याला आतली गंमत दाखवा. जाहिरात लागली की आवाज बंद करा आणि त्याला विचारा काय चाललंय सांग. आवाज गेला की निम्मी जादू जाते, पोरं खळखळून हसतात. मग एके रविवारी तुमच्या मोबाइलवर त्यालाच जाहिरात बनवायला लावा, शेंगदाण्याच्या लाडवाची म्हणा, भाकरीची म्हणा. मोबाइल जमिनीवर ठेवून त्याचा व्हिडिओ घ्या म्हणजे तो केवढा उंच दिसतो ते त्याला दिसेल, मग स्टुलावर उभं राहून वरून घ्या, बुटका दिसेल. लाडू खाल्ल्यावर काय होतं असं विचारलंत की तो आपणहून थापा मारायला लागेल बघा, मी उडतो, मी कोहलीला आउट करतो. तेव्हाच त्याला विचारा, खरंच होतं का रे असं? आणि मग बोलू नका, त्याला विचार करू द्या. हे मी पुण्यात, साताऱ्यात शाळांमधून मुलांबरोबर केलंय, भाषणाने जे तासभरात होत नाही ते यात दहा मिनिटांत होतं.

यूट्यूबवर पण लक्ष ठेवा, तिथे जाहिरात ओळखायला जास्त अवघड आहे, कारण खेळणी उघडून दाखवणारा दादा हा त्याला मित्र वाटतो. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहायचं असा नियम ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने, म्हणजे जाहिरातवाल्यांच्याच देखरेख संस्थेने, २०२१ पासून केलाय, व्हिडिओच्या सुरुवातीला पेड प्रमोशन असं येतं कधीकधी. ते शोधायचं काम लेकाला द्या, सापडलं की ओरडून सांगायचं. आमच्या इमारतीतली पोरं यात आता पटाईत झालीयत.

आणि त्या रांगेचं दुःख मात्र खरं आहे त्याचं, ते हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या नंबरवर उभं राहायला लागतं म्हणून कोणीतरी काहीतरी बोललं असणार, ते काय बोललं ते आधी काढून घ्या. डबा मागतोय तो त्या त्रासावर उपाय म्हणून. तो परत म्हणाला ना की तुला माझी काळजी नाही, तर रडू नका आणि चिडूही नका, जवळ घेऊन सांगा की ती बाई नटी आहे, तिला ते म्हणायचे पैसे मिळालेत, तो मुलगा पण तिचा नाही, शूटिंग संपल्यावर दोघं आपापल्या घरी गेले. सरळ शब्दात सांगितलं की मुलांना हे चांगलं कळतं. आणि भिंतीवर पेन्सिलची खूण तुम्हीही करा, आज एक, सहा महिन्यांनी एक, डबा न आणता. दाखवा त्याला.

सासूबाईंशी भांडू नका हो. त्यांचं 'दे की आणून' नातवाच्या मायेपोटीच आहे. त्यांनाच सांगा की आई, तुम्ही ह्याच्या बाबांना लहानपणी काय देत होता, ते याला करून द्या. नाचणीची आंबील असेल, शेंगदाण्याचा लाडू असेल, फुटाणे असतील. नाचणीत शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, मूठभर शेंगदाण्यात पाचेक ग्रॅम प्रोटीन, आणि वर एक अंडं खात असाल तर विचारायलाच नको. दुधाला चव नाही म्हणून पीत नसेल तर वेलची घाला, थोडा गूळ चालेल. ह्यात पाचशेचा डबा वाचतो हा भाग आहेच, पण मला जास्त महत्त्वाचं हे वाटतं की आजीच्या हातचं खाणं त्या डब्यापेक्षा कमी आहे असं पोराला वाटू नये. २०२२ मधे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर जी नियमावली काढली त्यात मुलांसाठी वेगळं कलम आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की मुलं जे नैसर्गिक किंवा पारंपरिक अन्न खातात त्यापेक्षा आमची वस्तू चांगली असा आभास जाहिरातीने करायचा नाही, मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल कमीपणा आणायचा नाही, आईवडिलांना घ्यायला लाव असं मुलांना थेट सांगायचं नाही, आणि पुराव्याशिवाय बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढते असा दावा करायचा नाही. पहिल्या चुकीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, परत केली तर पन्नास लाखांपर्यंत.

तुम्ही बघताय त्या जाहिरातीत बुटक्या मुलाला हसणारी पोरं दाखवली असतील तर माझ्या मते तक्रार करण्यासारखं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, फोन करा, मराठीत बोलता येतं, किंवा ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या साइटवर तक्रार टाका, त्याला पैसे लागत नाहीत आणि वकील लागत नाही. चॅनलचं नाव, तारीख, वेळ, आणि टीव्हीच्या स्क्रीनचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ, एवढं हाताशी ठेवा. 'आवडली नाही' असं लिहू नका, कुठला दावा खटकला तो शब्दशः लिहा आणि याचा पुरावा कंपनीने द्यावा असं मागा. मिस्टरांना मॅच बघता बघता तो व्हिडिओ घ्यायला सांगा, ते तसेही समोरच बसलेले असतात.